दगड गावाचा, नोंद आपली

"बाई, जेसीबी थांबवलाय. पण अकराला काँक्रीटवाले येणारेत, त्याच्या आत या."

सकाळचे पावणेसात वाजले होते. फोन वसईकडच्या एका गावातल्या टेम्पो चालवणाऱ्या मुलाचा. त्याने पाठवलेला फोटो हललेला होता, तरी इमारतीच्या पायात आडवा पडलेला दगड आणि त्यावर कोरलेला सूर्य-चंद्र एवढं ओळखता येत होतं. चहा ओट्यावर तसाच ठेवून मी निघाले.

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मी 28 वर्षं प्राचीन भारतीय संस्कृती शिकवली. रविवार मात्र ठाणे, वसई, पनवेल आणि अलिबागकडच्या गावांत जायचे. वीरगळ, गद्धेगळ, जुनी तळी, पडक्या देवळांचे चौथरे यांच्या नोंदी करायच्या आणि संध्याकाळच्या लोकलने परतायचं. एवढ्या वर्षांत भाताच्या खाचरांचे प्लॉट झालेले पाहिले आणि प्लॉटांचे टॉवर. आमच्या वहीत नोंदलेले दगड आम्ही शोधले असं मी आता म्हणत नाही. बरेचसे गावाने दाखवले, काही पोकलेनने वर काढले आणि काही आम्ही पोचायच्या आत भरावात गेले. पुढे लिहिलेलं शहाणपण बहुतेक फजितीतून आलेलं आहे.

1. सापडला म्हणजे? हरवला कधी होता?

कल्याणच्या पलीकडच्या एका आगरी गावात तळ्याच्या बांधावर, वडाखाली, पुस्तकात छापावा असा वीरगळ उभा होता. तळाच्या चौकटीत मरून पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर कलश. मी तेव्हा नवखी होते. माणसं गोळा केली आणि घोषणाच केली, "तुमच्या गावात आठशे वर्षांपूर्वीचा वीरगळ सापडलाय!"

कमरेवर हंडा घेऊन चाललेली एक आजी थांबली. "सापडला म्हंजे? हरवला कवा व्हता?"

तिच्या लेखी तो चेडोबा होता. गावात लग्न झालं की नवरा-नवरी आधी त्याच्या पाया पडत. दगड कुठल्या लढाईचा, कुठल्या राजाच्या वेळचा हे तिला ठाऊक नव्हतं. पण बांध फुटला त्या पावसाळ्यात तिच्या सासऱ्याने तो चार माणसं लावून पुन्हा उभा केला, हे तिला ठाऊक होतं. ते माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या वहीतला पहिला रकाना 'गाव काय म्हणतं' असा आहे. काळ, शैली, माप हे सगळं त्याच्यानंतर.

ही काही माझी नवी अक्कल नव्हे. सोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा किल्ला म्हणत, तेच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये खणलं. निघाला बौद्ध स्तूप. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत करंडा, सोन्याची फुलं आणि आठ छोट्या कांस्यमूर्ती. राजा चुकला, किल्लाही चुकला. पण 'इथे काहीतरी आहे' हे गावाने बरोबर धरून ठेवलं होतं. पुराविद्येत निम्मं काम तिथेच होतं.

2. परळला जाऊन या

कॉलेजात दर वर्षी पहिल्या सहामाहीत मी मुलांना दोन ठिकाणी नेत असे. आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि तिथून त्याच दिवशी परळचं बारादेवीचं देऊळ. बसची कटकट नको म्हणून लोकलनेच.

1931 मध्ये परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू असताना एक प्रचंड शिळा वर आली. साधारण साडेतीन मीटर उंचीच्या एकाच दगडात सात शिव. मध्ये एक उभा, त्याच्यातून वर दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि दोन्ही अंगांना फांद्या फुटाव्यात तसे आणखी चार. पायाशी वाद्यं घेऊन बसलेले गण. काम अर्धवट राहिलेलं, तळाशी छिन्नीचे घाव तसेच आहेत. इसवीसनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातलं हे शिल्प, घारापुरीच्या लेण्याचं नातेवाईक म्हणावं असं. मुंबई म्हणजे इंग्रजांनी वसवलेली सात बेटं, एवढंच शिकून आलेल्या मुलांना ते गप्प बसवतं.

कुणालाही वाटेल, अशी वस्तू थेट संग्रहालयात जाणार. गेली ती तिची साच्यातून काढलेली प्रतिकृती. मूळ शिळा परळमध्येच राहिली, बारादेवीच्या देवळात, आणि आजही तिची पूजा होते.

विद्यार्थीदशेत मला हा घोटाळा वाटायचा. खरी वस्तू गल्लीत आणि नक्कल दालनात? आता मत पूर्ण फिरलंय. संग्रहालयात मुलं उंची मोजतात, गण मोजतात, वहीत रेघा मारतात. प्रकाश चांगला असतो, मागे सरकायला जागा असते. परळला पोचलं की तीच मुलं चपला काढतात आणि आवाज आपोआप खाली येतो. एका मुलीने बाहेर आल्यावर विचारलं, "बाई, तिकडे तो 'परळ रिलीफ' होता. इकडे त्याला देव म्हणतात. मी उत्तरपत्रिकेत काय लिहू?" दोन्ही लिही, म्हटलं. तिने लिहिलं, आणि मी तिला पैकीच्या पैकी दिले.

गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडल्या, परळचं आकाश काचेच्या इमारतींनी भरलं. ज्या रस्त्याच्या कामात ती शिळा निघाली त्याच्या आजूबाजूला 1931 चं ओळखू येईल असं फार थोडं उरलंय. शिळा मात्र जागेवर आहे. तिला कुणाचीतरी म्हणायला माणसं होती, म्हणून आहे असं माझं मत आहे.

3. रंग ओट्याला

आता याची दुसरी बाजू, कारण लोकांचं प्रेम दगडाला सोसेलच असं नाही. ऑइलपेंट हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शत्रू. जत्रा जवळ आली की तरुण मंडळ उत्साहाने चंदेरी रंगाचा डबा आणतं. वीराच्या मिशा काळ्या, अप्सरांचे ओठ लाल, घोडा पांढरा. एका गावात मी हे पाहून इतकी चिडले की मंडळाच्या पोरांना चार शब्द सुनावले. पुढच्या वर्षी त्यांनी दगडाला टाइल्स लावल्या. खालची अख्खी चौकट टाइल्सच्या मागे गेली. भांडण मी जिंकले होते, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मग तीन वर्षं त्या गावच्या पालखीला नुसती गेले. काही बोलले नाही. जेवले, पोरांची लग्नं ठरली त्याच्या बातम्या ऐकल्या, एकीच्या बारावीच्या मार्कशीटवर सल्ला दिला. चौथ्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षानेच विषय काढला, "बाई, रंग लावू नको म्हणता, मग देवाला नवीन काय करायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. नुसतं 'नको' हे उत्तर होत नाही. शेवटी ठरलं ते असं: रंग ओट्याला आणि कठड्याला, दगडाला फक्त साधं पाणी आणि फुलं. टाइल्स त्यांनीच छिन्नीने हळूहळू काढल्या. दोन ठिकाणी कपचा उडाला. मी पाहिलं आणि गप्प बसले.

4. 'अमूल्य' हा शब्द जिभेवर आणू नका

गद्धेगळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. माथ्यावर सूर्य, चंद्र आणि कलश. मध्ये दान दिल्याचा लेख. आणि तळाशी गाढव व स्त्री यांचं, सभ्य भाषेत सांगता येणार नाही असं, चित्र. जो हे दान मोडेल त्याच्या घरच्या बाईची ही गत होवो, अशी ती शिवी आहे. सूर्य-चंद्र असेतोवर दान चालावं, हा वरच्या कोरीवकामाचा अर्थ. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 चा, म्हणजे इसवीसन 1012 चा, लेख याच जातीचा आहे आणि मराठीतला आद्य शिलालेख म्हणून अनेक अभ्यासक त्याचंच नाव घेतात. आपल्या भाषेच्या जन्मदाखल्यावर शिवी आहे, याची मला गंमत वाटते. वाचता न येणाऱ्यालाही धमकी कळावी, ही त्या काळच्या कारभाऱ्यांची सोय होती.

पनवेलकडच्या एका गावात असा दगड विहिरीजवळ पालथा पडला होता. बायका त्यावर धुणं धूत. आम्ही तो उलटा केला, खाली लेख दिसला, आणि जमलेल्यांना मी आनंदाने म्हणाले, "हा अमूल्य ठेवा आहे." पंधरा दिवसांनी गेले तर दगडाभोवती कमरेएवढा खड्डा. लिंबू, हळद-कुंकू, काळी बाहुली. 'ठेवा' म्हटल्यावर कुणीतरी रात्री धन शोधायला आलं होतं. धन मिळालं नाही म्हणून वैतागाने घातलेला पहारीचा घाव लेखाच्या तिसऱ्या ओळीत होता.

तो घाव माझ्या जिभेने घातला, असंच मी धरते. आता मी म्हणते, "हा तुमच्या गावाचा जुना सातबारा आहे." सातबाऱ्याखाली कुणी सोनं शोधत नाही, आणि सातबारा हरवू द्यायचा नसतो हेही सगळ्यांना कळतं. तळाच्या चित्राचा अर्थ मात्र भर सभेत सांगायचा नाही. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा, आणि बायकांना सांगणारी बाईच हवी. त्या ऐकून आधी लाजतात, मग जाम हसतात, मग विचारतात, "दान मोडायचं बाप्यांनी आणि शिवी बाईला का?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

5. दहा रुपयांचा कायदा

जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. हा 1878 चा निखात निधीचा कायदा. दहा रुपये! तेव्हा ती मोठी रक्कम असेल. आज कटिंग चहाही त्यात मिळेलच असं नाही.

पण लोक न कळवता दगड गाडून टाकतात ते कायदा माहीत नसतो म्हणून कमी, आणि भीतीपोटी जास्त. 'काम बंद पाडतील, जागा जाईल, हप्ते चालू आहेत.' ही भीती आधी ऐकून घ्यायची. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचं बंधन, हा नियम केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांना आहे. शेतात निघालेला प्रत्येक वीरगळ काही लगेच संरक्षित स्मारक होत नाही. एवढं एक वाक्य नीट सांगितलं की निम्मे चेहरे सैलावतात.

आणि सांगायचं कुणाला? बिल्डरच्या ऑफिसात एसीत बसून सांगण्यात माझी बरीच वर्षं वाया गेली. दगड पहिल्यांदा दिसतो तो पोकलेनवाल्याला, आणि तो बहुधा झारखंडचा नाहीतर बिहारचा असतो. त्याच्याशी हिंदीत बोला, त्याच्या गावच्या देवाबद्दल विचारा. एकाने मला त्याच्या फोनवर त्याच्या गावातली पिंपळाखालची भंगलेली मूर्ती दाखवली. त्यानंतर त्याच्या बकेटखाली काही आलं की तो हात वर करून मशीन बंद करत असे.

6. दगड उचलायच्या आत माती बघा

आता त्या सकाळकडे येते. मी पोचले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. टेम्पोवाला मुलगा आणि गावातले सात-आठ जण खड्ड्याच्या काठावर उभे. सुपरवायझर घड्याळ बघतोय. दगडाच्या अंगावर बकेटच्या दातांचे तीन पांढरे ओरखडे, अगदी ताजे.

सगळे म्हणत होते, आधी वर काढू. मी मात्र खड्ड्यात उतरून मातीची उभी भिंत बघत बसले. वरचे दोन-अडीच फूट डेब्रिस आणि मुरुमाचा भराव, त्याखाली खाचराची चिकट काळी माती, आणि तिच्याखाली बोटभर जाडीची राखेची करडी रेघ. त्या रेघेत एक खापर अडकलं होतं, नखाएवढं, निळ्या-हिरव्या काचेसारख्या लुकणाचं. असं झिलईचं भांडं आपल्याकडचं नव्हे. इराण-इराकच्या बाजूने समुद्रावरून येई. चौल, संजाण, सोपारा, जिथे जुनी बंदरं तिथे अशी खापरं मिळतात. दगडावरून कळत होतं की इथे कुणीतरी जमीन दान दिली. खापरावरून कळलं की त्याच मातीवर कधीकाळी कुणाच्या तरी घरी समुद्रापारचं भांडं होतं आणि ते फुटलंही होतं. दगड आधी उचलला असता तर त्याच्याबरोबर ती रेघ ढासळली असती.

फोटो, मापं, मातीच्या थराचा कच्चा नकाशा, खापर कागदात गुंडाळून त्यावर तारीख. चाळीस मिनिटं. मग चौदा जणांनी दोरखंड आणि बांबू लावून दगड वर घेतला. काँक्रीटची गाडी साडेअकराला आली.

दगड गावदेवीच्या देवळामागे ठेवला. अक्षरं झिजलेली, दिवसाच्या उजेडात हाताला लागत, डोळ्यांना दिसत नसत. अशा वेळी खडू किंवा पावडर चोळायचा मोह होतो, तो टाळा. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा. आठवीतल्या एका मुलीच्या हातात टॉर्च दिला. तिने तो हळूहळू फिरवला आणि एकदम ओरडली, "स्व! बाई, स्व आहे!" पुढचं 'स्ति' तिनेच लावलं. तिची आजी शेजारी उभी होती. आयुष्यभर निरक्षर. तिने त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्ये आपल्याच भाषेत हाय?" सगळा लेख आम्हाला लागला नाही. पण त्या रात्रीनंतर दगडाला पहारा ठेवायची गरज पडली नाही.

7. ग्रामसभा नाही, सोसायटी आहे

एक अडचण कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. पूर्वी गावात काही ठरवायचं तर ग्रामसभा होती. वसई-विरार महापालिका 2009 मध्ये झाली, तिच्यात गेलेल्या गावांची ग्रामपंचायत संपली. म्हणजे दगड गावाचा, पण गाव कागदावर उरलंच नाही. आता विचारायचं कुणाला? वॉर्ड ऑफिसला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, की देवळाच्या ट्रस्टला?

टॉवरमध्ये राहायला आलेली माणसं वाईट नसतात. उलट त्यांचा उत्साह जास्त. एका संकुलाने वीरगळ आपल्या लॉनमध्ये, कारंज्याशेजारी, स्पॉटलाइट लावून उभा करायचं ठरवलं होतं. हेतू चांगला होता. फक्त गेटवर वॉचमन होता आणि जुन्या गावातल्या बाईला नारळ फोडायला व्हिजिटर म्हणून सही करावी लागली असती. दोन्हीकडच्यांना एकत्र बसवायला आठ बैठका लागल्या. शेवटी दगड कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला राहिला, शेडचा खर्च संकुलाने केला आणि दिवाबत्ती गावाने.

बोरिवलीत एकसरला वस्तीच्या मधोमध वीरगळ उभे आहेत, त्यांवर वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत, समुद्रावरची लढाई. तिथून रोज स्टेशनला जाणाऱ्या किती जणांना ती ठाऊक आहे, हे मी एकदा विद्यार्थ्यांना विचारून यायला सांगितलं. चाळीस जणांना विचारलं, तिघांना माहीत होतं. तिघांतले दोघे तिथले मूळचे रहिवासी.

8. हरलेल्या नोंदीही ठेवा

वाघिवलीवाड्याची केरूमातेची गुंफा नवी मुंबईच्या विमानतळासाठी जमीन सपाट करताना गेली. अभ्यासक तिला बौद्ध लेणं म्हणत, गावकरी आपली माता म्हणत. आमच्या वहीत तिच्यासाठी एक पान आहे. 'सध्याची स्थिती' या रकान्यात 'नाही' असं लिहिलंय. अशी पानं फाडू नयेत.

वसईकडचा तो दगड आता पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. फलकावर पहिल्या ओळीत गावाचं जुनं नाव आहे, जे महापालिकेच्या पाटीवर आता नाही. बकेटच्या दातांचे तीन ओरखडे पावसाने थोडे काळवंडलेत. टॉर्च धरणारी ती मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिला कॉमर्सच करायचं आहे.

तुमच्या शेजारी पाया खणत असतील आणि कोरलेला दगड, खापरांचा थर, विटांची जुनी भिंत असं काही दिसलं, तर आधी फोटो काढा. माप कळावं म्हणून शेजारी पाण्याची बाटली उभी ठेवा. काही उचलू नका, धुऊ नका. तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्या जागेचं जुनं नाव विचारा. मग जिल्हाधिकारी कार्यालयाला, पुरातत्त्व खात्याला, जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांना, जो पहिला उचलेल त्याला फोन लावा. संध्याकाळपर्यंत थांबू नका; जेसीबी तासाच्या भाड्यावर असतो.